सहल दीड लाखाची, गाडी साडेपंधरा लाखांची

मुलुंडच्या एका ताईंचं पत्र आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, दोघांचे मिळून महिन्याला 1 लाख 65 हजार हातात येतात. घराच्या कर्जाचा हप्ता 58 हजार, एसआयपी 20 हजार, घरखर्च आणि शाळा मिळून 64 हजार. बँकेत 6 लाखांची एफडी. मुलगा जूनमध्ये आठवीत जाईल, मुलगी तिसरीत. 'पुढे नववी-दहावी सुरू झाली की कुठे जाणं व्हायचं नाही, म्हणून येत्या दिवाळीच्या सुट्टीत 21 दिवस गाडीने कोकण, गोवा, गोकर्ण करत उडुपीपर्यंत आणि येताना दांडेली करायचं आहे. तंबूत राहायचं, जमेल तिथे कयाकिंग करायचं. सहा वर्षांची हॅचबॅक साडेतीन लाखांना देऊन साडेपंधरा लाखांची एसयूव्ही घ्यायची, 12 लाख कर्ज काढायचं, आणि तंबू, दोन फुगवायच्या कयाक आणि प्रवासखर्चासाठी एफडी मोडायची असा विचार आहे. योग्य आहे का?'

ताई, सहलीला जाच. मुलाच्या शाळेबद्दल तुम्ही लिहिलंय ते कारण खरं आहे, आणि 'रिटायर झाल्यावर बघू' असं मी कोणालाच सांगत नाही. फक्त तुम्ही एका पत्रात दोन प्रश्न विचारलेत. एक सहलीचा, दुसरा गाडीचा. दुसरा पहिल्याच्या आडून आत शिरलाय.

आधी सहल. माझ्या अंदाजाने 16 दिवसांचा हिशेब असा बसतो (21 चे 16 का, ते पुढे सांगतो). फिरणं धरून साधारण 2,500 किलोमीटर. भरलेली हॅचबॅक लिटरला 15 देईल, पेट्रोल 105 धरलं तर साडेसतरा हजार. टोल-पार्किंग 5 हजार. राष्ट्रीय महामार्गांवरचा फास्टॅग वार्षिक पास यातच बसवा. वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तो चालत नाही, परतताना तिथे वेगळे पैसे जातील. सहा रात्री तंबूत, जेवणासकट चौघांचे 33 हजार. नऊ रात्री घरगुती निवासात 27 हजार. बाहेरचं खाणं 25 हजार. पाच ठिकाणी कयाकिंग 12 हजार. निघण्याआधी सर्व्हिसिंग आणि दोन टायर 15 हजार, आणि अडीअडचणीला 15 हजार. झाले दीड लाख.

21 चे 16 दिवस मी का केले, तर मिस्टरांची नऊ दिवसांची रजा बिनपगारी होणार असं तुम्ही लिहिलंय. त्यांचा पगार 85 हजार, म्हणजे 25 हजारांवर पाणी. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही, म्हणून कोणी धरत नाही. सोळा दिवसांत शनिवार-रविवार आणि भाऊबीजेपर्यंतच्या सुट्ट्या धरल्या तर शिल्लक रजेत भागेल. ऐन दिवाळीचे चार दिवस मात्र तारकर्ली आणि गोवा टाळा. त्या दिवसांत खोलीचे भाव ऐकूनच सुट्टी संपते.

आता गाडी. 12 लाख, सव्वानऊ टक्के, सात वर्षं: हप्ता 19,460. एकूण व्याज 4 लाख 34 हजारांच्या घरात. सगळे खर्च जाऊन तुमच्या हातात महिन्याला 23 हजार उरतात. त्यातून हा हप्ता गेला की साडेतीन हजार राहतात, आणि मोठ्या गाडीचा विमा न् पेट्रोल अजून यायचंय. घर आणि गाडी मिळून हप्ते पगाराच्या 47 टक्क्यांवर जातात. आज ते 35 आहेत. दोन पगारांवर चाललेल्या घरात एक पगार सहा महिने थांबला तर काय, हे एकदा दोघांनी बसून बोला. तेव्हा कामी येणारी एफडी तुमच्या जेमतेम पाच महिन्यांच्या खर्चाइतकी आहे, आणि तुम्ही नेमकी तीच मोडायला निघालाय. मुदतीआधी मोडली तर बँक जितके दिवस ठेवली तितक्या दिवसांचाच दर देते आणि बहुतेक वेळा त्यातूनही अर्धा-एक टक्का कापते.

चौघं आणि सामान हॅचबॅकमध्ये अगदीच मावत नसेल तर सेल्फ-ड्राइव्ह एसयूव्ही भाड्याने घ्या. दिवसाला 3,500 धरले तरी 16 दिवसांचे 56 हजार, म्हणजे नव्या गाडीच्या तीन हप्त्यांहून कमी. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच, म्हणजे भाड्याने द्यायचा परवाना असलेलीच घ्या. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे देऊन नेली आणि वाटेत काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. किलोमीटरची मर्यादा आणि कर्नाटकात नेण्याची परवानगी करारात वाचून घ्या.

तंबू आणि कयाकबद्दल अनुभवाने बोलतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मी हौसेने चार माणसांचा तंबू घेतला. भंडारदऱ्याला दोनदा लागला. दुसऱ्या वेळी पहाटेच्या दवाने ओला झालेला तसाच गुंडाळून आणला, इथे वाळवणार कुठे? बाल्कनीत दोरीवर टाकला तर अर्धा खालच्या मजल्यावर लोंबायला लागला. गणपतीला माळ्यावरचे डबे काढताना पिशवी उघडली, तर कापडभर काळे ठिपके आणि असा वास, की बायकोने डबे आधी धुतले आणि मग बोलली. भंगारवाल्यानेही नेला नाही. फुगवायची कयाक खाडीच्या पाण्यातून काढली की गोड्या पाण्याने धुवून, सांध्यासांध्यातून पुसून सावलीत वाळवावी लागते. टू बीएचकेत अशा दोन! जिथे जाताय तिथे कयाक, वल्ही, जॅकेट सगळं भाड्यात मिळतं आणि पाण्याची जाण असलेला स्थानिक माणूस सोबत येतो. त्याचे पैसे मी मोजून देईन.

दीड लाख उभे कसे करायचे? याच महिन्यात दरमहा 18 हजारांची आरडी, म्हणजे आवर्ती ठेव, उघडा. सात हप्त्यांचे 1 लाख 26 हजार, उरलेले 24 हजार मिस्टरांच्या दिवाळी बोनसमधून. एसआयपी, एफडी जिथल्या तिथे.

विम्याचं एक काम आत्ताच करा. आरोग्य विम्यात साहसी खेळांचा अपवाद सहसा व्यावसायिक खेळाडूंपुरता असतो, पण अपघात विम्याच्या अटी वेगळ्या असू शकतात. दोन्ही पॉलिसी काढून ते पान वाचा.

आणि मोठी सहल ठरवण्याआधी एक शनिवार-रविवार कोलाडला जाऊन या, पावसाळ्याच्या आत. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी पाणी सुटलं की कुंडलिका नदी खळाळते, तेव्हा राफ्टिंग असतं. कयाकसाठी संथ पाण्याचा भाग मागा. एक रात्र तंबूत काढा. मुलगा उत्साहाने काढेल, धाकटीचं सांगता येत नाही. डास, सकाळची शौचालयाची रांग आणि पाण्यातलं डुचमळणं तिला झेपलं नाही, तर सहा रात्रींच्या दोन करा. बुकिंग करताना तिच्या मापाचं जॅकेट आहे का ते फोनवरच विचारा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं.