उलट्या दिशेने आलेल्या दुचाकीला कारची धडक बसली, तर भरपाई कोणी द्यायची?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी, पावसात, पुण्यातल्या वारज्याच्या सर्व्हिस रोडवर तुमच्या दादांच्या कारची एका दुचाकीला धडक बसली. दुचाकीवाला उलटा येत होता. त्याची नडगी मोडली, रॉड टाकावा लागला. पोलिस आले, पंचनामा झाला. आता त्याचे मामा म्हणतात, दोन लाख द्या, केस करत नाही. आणि अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही सांगता की गाडी सेकंडहँड आहे, आरसी (गाडीचा नोंदणीचा कागद) अजून आधीच्या मालकांच्या नावावर आहे. ती ओळ खरं तर पहिली यायला हवी होती. तिच्याकडे येतोच.

मी शिवाजीनगर कोर्टात मोटार अपघाताचे क्लेम चालवतो, बहुतेक वेळा जखमींच्या बाजूने. म्हणजे तुमच्या प्रकरणात मी कदाचित त्या मामांच्या शेजारी बसलो असतो. तरीही सांगतो, दोन लाख देऊ नका.

आधी तो जुना समज बाजूला ठेवू. 'मोठ्या गाडीचीच चूक धरतात' हा चौकात जमलेल्या गर्दीचा कायदा आहे, पुस्तकातला नाही. पण 'तो उलटा येत होता म्हणजे शंभर टक्के त्याचीच चूक' हेही पुस्तकात नाही. कोर्ट दोघांचा हलगर्जीपणा वेगवेगळा मोजतं आणि टक्के वाटतं. समोरच्याच्या अंगावर साठ-सत्तर टक्के येऊ शकतात, पन्नास येऊ शकतात, अगदी वीसही. हे ठरतं कशावरून? तर दादा सरळ जात होते की गल्लीतून बाहेर पडत होते, वेग किती होता, हेडलाइट चालू होते का, ब्रेक लावला होता का, यावरून.

गल्लीतून बाहेर पडत असतील तर कारण मला इथूनच दिसतं. सर्व्हिस रोडला लागताना आपण उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडून यायच्या असतात. उलटा येणारा डावीकडून येतो, आणि तिकडे आपण बघतच नाही. बायपासवर यू-टर्न लांब पडतो, म्हणून अर्धं वारजं आणि अर्धं वडगाव रोज हा उलटा प्रवास करतं. एकदा मीही केलाय, खोटं कशाला बोलू. पण नेमकं म्हणूनच तुमच्या दादांना कोर्टात विचारतील: या रस्त्यावर लोक उलटे येतात हे तुम्हाला माहीत नव्हतं का? पावसाचंही तेच. ताशी ५०चा वेग म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद संपतो, आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला अंतर त्याहून पुष्कळ जास्त लागतं.

पंचनाम्याची नक्कल काढलीत का? आजच काढा. त्यातला नकाशा नीट बघा. धडकेची जागा दुभाजकापासून किती फुटांवर दाखवलीय? माझ्याकडे एक केस होती, त्यात दोन्ही बाजू शपथेवर सांगत होत्या की समोरचा आमच्या बाजूला घुसला. गाड्या तर लोकांनी केव्हाच बाजूला ओढल्या होत्या. शेवटी कामाला आला तो एका पोराने मोबाईलवर काढलेला फोटो. त्यात रस्त्यावर वाळलेल्या चिखलाचा एक ढीग होता. धडक बसली की मडगार्डच्या आत साठलेला चिखल झटक्याने खाली पडतो आणि बऱ्याचदा तिथेच राहतो. काचा उडतात, गाडी फरफटत जाते, पण तो चिखल टक्कर कुठे झाली ते सांगतो. त्या ढिगाने माझ्या अशिलाच्या अंगावरचे तीस टक्के उतरवले. तुमच्याकडे त्या संध्याकाळचे फोटो असतील तर एकही डिलीट करू नका, गाडी गॅरेजला देण्याआधीचेही. शेजारच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत काही आलं असेल तर पंधरा दिवसांत ते बहुधा पुसलं गेलं असेल, पण विचारून बघा.

आता जबाबदारी. लोक 'केस' म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतात.

एक फौजदारी. ती गाडी चालवणाऱ्याची, म्हणजे दादांची. भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्याचं कलम २८१ आणि गंभीर दुखापतीचं १२५(ब) लागू शकतं. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत दुखापत गंभीर होते, मग ते करंगळीचं का असेना. १२५(ब)ला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण गुन्हा जामीनपात्र आहे, टेबल जामीन होतो, म्हणजे पोलिस ठाण्यातूनच सुटका होते, त्यामुळे घरात रडारड नको. मृत्यू झाला असता तर कलम १०६ आलं असतं, पाच वर्षांपर्यंतचं. यातला कुठलाही गुन्हा मामांच्या 'केस करत नाही'वर अवलंबून नाही. पंचनामा झालाय, हॉस्पिटलमध्ये एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) झाली असणार, पोलिस त्यांचं काम करतील.

दुसरी भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १६६खाली जखमी माणूस न्यायाधिकरणाकडे अर्ज करतो, आणि पैसे मागतो चालक, मालक व विमा कंपनी या तिघांकडे. थर्ड पार्टी विमा (समोरच्याच्या नुकसानीचा) चालू असेल आणि दादांचं लायसन्स वैध असेल, तर पैसे भरते कंपनी. शारीरिक इजेच्या भरपाईला त्यात वरची मर्यादा नाही. विम्याचा प्रीमियम भरतात तो याचसाठी, आणि आता मामांना रोख द्यायचे?

शिवाय पॉलिसीच्या अटी वाचा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देऊन मिटवायचं नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. तुम्ही दोन लाख दिलेत तर कंपनी ते परत देणार नाही. आणि पाचशेच्या स्टँपवर 'आता काही तक्रार नाही' असं लिहून घेतलंत, तरी तो पोरगा चार महिन्यांनी क्लेम टाकू शकतो. मला असे कागद महिन्याकाठी एक-दोन तरी बघायला मिळतात.

रकमेचा अंदाज देतो, म्हणजे दोन लाख हा आकडा किती हवेतला आहे ते कळेल. समजा तो ३२ वर्षांचा आहे, स्वतःचा छोटा धंदा आहे, महिना २५,००० मिळतात. वर्षाचे तीन लाख. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात, झाले ४,२०,०००. कामावर परिणाम करणारं अपंगत्व २० टक्के धरलं तर वर्षाचं नुकसान ८४,०००. त्या वयाला ठरलेला गुणक, म्हणजे वर्षाचं नुकसान ज्याने गुणायचं तो आकडा, १६. झाले १३,४४,०००. शिवाय दवाखान्याची बिलं, वेदना, बुडालेले महिने वेगळे. यातून त्याच्या चुकीचे जितके टक्के ठरतील तितके वजा. निम्मी चूक त्याची ठरली तरी पावणेसात लाखांच्या आसपास आले. आणि हाड नीट जुळून तो सहा महिन्यांत पूर्वीसारखा चालू लागला, तर यातलं बहुतेक गळून पडतं आणि रक्कम दोन लाखांच्या खालीही राहू शकते. पंधराव्या दिवशी हे कुणालाच माहीत नसतं. मामांनाही नाही.

अपंगत्व म्हणजे डॉक्टरांच्या दाखल्यावरचा आकडा नव्हे, हे लोकांना सांगून सांगून मी थकलो. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात ते स्पष्ट केलंय: तो अवयव गेल्याने त्या माणसाचं काम किती बुडालं ते बघा. गुडघा पुरता वाकत नसेल तर बँकेतल्या कारकुनाचं फार बिघडत नाही, फरशी बसवणाऱ्याचं सगळंच बिघडतं.

नडगीच का मोडली, हेही सांगून ठेवतो. कारचा बंपर दुचाकीवाल्याच्या नेमका त्याच उंचीला येतो. कारमधल्या माणसाचं वेगळं: मागून ठोकर बसली तर मान, समोरून बसली तर बेल्ट नसेल तेव्हा छाती स्टिअरिंगवर आणि गुडघे डॅशबोर्डवर. दादांना काही लागलं नाही असं लिहिलंय. पण डोकं कुठे आपटलं असेल आणि आता डोकेदुखी, उलटी, गुंगी असं काही जाणवत असेल, तर न्यूरोसर्जनला दाखवा. मेंदूवरचा रक्तस्राव काही जणांत दिवसांनी, आठवड्यांनी लक्षात येतो.

पुण्यात अपघात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नवले पूल येतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून उतरणारा तो लांबलचक उतार, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक, तापून निकामी झालेले ब्रेक. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथे एकाच ट्रकने एका रात्रीत डझनावारी गाड्या ठोकल्या. नाहीतर आठवते मे २०२४ची कल्याणीनगरची पोर्शे, जिच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले आणि चालवणारा मुलगा अठराचाही नव्हता. (अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, हे कलम १९९अ २०१९पासून कायद्यात आहे. चावी देताना कुणाला आठवत नाही.) माझ्या टेबलावर येणारे कागद मात्र बहुतेक तुमच्यासारखे असतात: सर्व्हिस रोड, संध्याकाळ, एक मोडका पाय.

आता ती शेवटची ओळ. २०१८च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालाप्रमाणे, आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक. गाडी त्याने विकली असो, पैसे घेतले असोत, चावी दिली असो. म्हणजे क्लेम दाखल झाला की नोटीस जाईल आधीच्या मालकांना, ज्यांना त्या संध्याकाळचं काहीच माहीत नाही. पॉलिसी त्यांच्या नावावर चालू असेल तर जखमीला भरपाई देणारा थर्ड पार्टी विमा सहसा बुडत नाही, कायदा तो गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेला असं धरतो. तुमच्या स्वतःच्या गाडीचा डेंट भरून मिळणं मात्र अवघड. आणि पॉलिसी मध्येच संपली असेल आणि 'नाव बदलल्यावर बघू' म्हणून कुणीच भरली नसेल, तर वरचा सगळा हिशोब घरातून द्यायचा. म्हणून पहिल्यांदा विम्याच्या कागदावरची तारीख बघा. माझं बाकी उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

तारीख ठीक असेल तर उद्याच कंपनीला अपघाताची लेखी खबर द्या, ईमेलवर, पोच ठेवून. उशीर झालाच आहे, आणखी नको. क्लेमची मुदत २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांवर आणलीय, तेव्हा समोरचेही फार थांबणार नाहीत. मिटवायचंच असेल तर क्लेम दाखल होऊ द्या आणि लोकअदालतीत कंपनीला समोर बसवून मिटवा. तिथे मिटलेलं पुन्हा उकरता येत नाही.

दादांना त्या मुलाला भेटायला जावंसं वाटतंय, पण 'गेलो तर चूक कबूल केल्यासारखं होईल का' असं तुम्ही विचारलंत. होत नाही. जाऊ द्या त्यांना, फळं घेऊन जाऊ द्या, सही मात्र कशावरही करू नका. आणि तिकडे निघण्याआधी आधीच्या मालकांना फोन करा. कोर्टाचा लिफाफा दारात आल्यावर कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं त्यांना बरं वाटेल, आणि पॉलिसीचा मूळ कागदही त्यांच्याच कपाटात असायची शक्यता आहे.