पगार सोडून दुचाकी सुरक्षिततेचे वर्ग काढावेत का?

चिंचवडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वय ४२, मेकॅनिकलचा डिप्लोमा, चाकणच्या वाहन-सुट्या भागांच्या कंपनीत १६ वर्षं. पगार हातात ७८,००० येतो, पत्नी शाळेत शिकवतात, त्यांचे ३२,०००. घराचा हप्ता २६,५०० (अजून नऊ वर्षं), बाकी घरखर्च आणि मुलीच्या नववीचं मिळून ४८,०००. शिल्लक म्हणजे ६ लाखांची एफडी, ११ लाख म्युच्युअल फंडात, १९ लाख पीएफमध्ये. मार्चमध्ये राजीनामा देऊन दुचाकी सुरक्षित चालवायला शिकवणारे वर्ग काढायचे आहेत. त्यासाठी ८ लाख घालायचे: पूर्ण एफडी आणि २ लाख फंडातले. 'महिन्याला २० विद्यार्थी, प्रत्येकी ५,०००, म्हणजे १ लाख. पगारापेक्षा जास्तच, मग अडचण कुठे आहे?' असं ते विचारतात.

नमस्कार.

अडचण त्या 'म्हणजे'त आहे. १ लाख ही जमा झाली, कमाई नव्हे. तुम्हीच पाठवलेला खर्च मांडू. मैदानाचं भाडं २५,०००, मदतनीस १८,०००, जाहिरात ५,०००. हे ४८,००० विद्यार्थी आले तरी जाणार, न आले तरी जाणार. पेट्रोल, दुरुस्ती आणि विमा तुम्ही १२,००० धरलाय, म्हणजे विद्यार्थ्यामागे ६०० रुपये. एका विद्यार्थ्यामागे हातात उरतात ४,४००. पहिल्या दहा जणांची फी मैदानमालक, मदतनीस आणि जाहिरातवाल्याकडे जाते, अकराव्याच्या फीतून तुम्हाला चार पैसे दिसू लागतात. वीस जण आले तर महिन्याचे ४०,००० उरतात.

घराला किती लागतात? हप्ता धरून ७४,५००. पत्नीचे ३२,००० वजा केले की ४२,५०० तुम्ही आणायचेत. म्हणजे वीसही पुरत नाहीत, एकवीस लागतात. तेही दर महिन्याला, जून ते सप्टेंबर धरून. पावसाळ्यात चिखल झालेल्या मैदानात नवशिक्याला गाडीवर बसवणं तुम्हाला स्वतःलाच पटणार नाही. जुलैत आठ जण आले तर पदरचे १२,८०० घालावे लागतील आणि घरासाठीचे ४२,५०० वेगळेच.

याहून मोठी गोष्ट तुमच्या पत्रात नाही. ती वेळेची. शिकायला येणारी माणसं नोकरी, कॉलेज सांभाळून येतात, म्हणजे सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. महिन्याचे २६ दिवस धरले तर १०४ तास. तुम्ही आणि मदतनीस मिळून एका वेळी दोघांना शिकवाल, तर २०८. एका विद्यार्थ्याला तुम्ही दहा तास देणार आहात, म्हणजे वीस जणांचे २०० तास झाले. तुम्ही ज्याला सुरुवातीचा अंदाज म्हणताय ती या धंद्याची जवळजवळ कमाल मर्यादा आहे. एक मदतनीस आजारी पडला की गणित कोसळलं. फी वाढवावी म्हणाल, तर तुमची स्पर्धा दुसऱ्या क्लासशी नाहीच. ती आहे रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात फुकट शिकवणाऱ्या मामाशी.

तुमचा हेतू खरा आहे, याबद्दल शंका नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हे आकडे तुम्हीही लिहिलेत आणि त्यावरून 'मागणी प्रचंड' असा निष्कर्ष काढलात. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. गरज प्रचंड आहे, पण मागणी म्हणजे खिशातून पैसे काढणारा माणूस. आपल्याकडे परवाना मिळेपर्यंत लोक शिकतात. आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा पाय न टेकता काढला की शिक्षण संपलं! त्यानंतर इमर्जन्सी ब्रेक कसा मारायचा, ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक किती दाबायचा, ट्रकच्या कुठल्या बाजूला ड्रायव्हरला आपण दिसत नाही, हे शिकायला स्वतःहून पाच हजार देणारा विरळा.

देतात ते दुसरेच. ज्यांची माणसं रोज दुचाकीवरून कामावर येतात त्या कंपन्या, कॉलेजं, घरपोच सामान पोचवणारे ठेकेदार. तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय: स्वतःच्या कंपनीत तुम्ही दोनदा असं सत्र घेतलंत आणि शेजारच्या दोन प्लांटच्या सेफ्टी ऑफिसरनी 'आमच्याकडे कधी येता?' असं विचारलं. अख्ख्या पत्रात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच. तिथे मैदान त्यांचं, गाड्या शिकणाऱ्यांच्या आणि तुमचा खर्च म्हणजे शंकू, प्रोजेक्टर आणि जाण्या-येण्याचं पेट्रोल. दिवसाला १०,००० धरले तरी त्यातले बहुतेक उरतात. वर्गात तेवढे उरायला दोन-तीन विद्यार्थी महिनाभर सांभाळावे लागतात.

म्हणून माझं मत असं की मार्चमध्ये राजीनामा देऊ नका, काम मात्र आत्ताच सुरू करा. चाकण-भोसरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, हे तुमचं भाग्य समजा. गुरुवारी हिंजवडीतली आयटी ऑफिसं चालू असतात, कॉलेजंही चालू असतात. परीक्षा, दिवाळी, पाऊस सोडून वर्षाला पंधरा गुरुवार मिळाले तरी दीड लाख. शेजारच्या प्लांटची सुट्टीही गुरुवारचीच, तेव्हा तिथल्या सत्रांसाठी रजा टाका. सगळे जानेवारीतच बोलावतील, कारण तो रस्ता सुरक्षा महिना. तेव्हा रजा डिसेंबरात उडवू नका.

मात्र नियुक्तिपत्र आधी वाचा. बाहेरचं सशुल्क काम करायला बहुतेक ठिकाणी लेखी परवानगी लागते. एचआरला सांगून करा, लपवून करू नका. उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) करून घ्या, ती मोफत आहे. कंपन्या पैसे रखडवतात, पण नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे. उशीर केला आणि वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक टाकला की अकाउंट्सवाले जरा लवकर हलतात. जीएसटीची काळजी वर्षाची जमा २० लाखांच्या आत असेपर्यंत नको.

शिकाऊ परवान्यावरच्या मुलांना पैसे घेऊन शिकवायचं असेल तर मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना हवाच. तो १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २४ खाली मिळतो, मुदत पाच वर्षांची. शिकवणाऱ्याला दहावी, पाच वर्षांचा वाहन चालवण्याचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधली त्यावरची पात्रता लागते. तुमचा डिप्लोमा सरकारमान्य संस्थेचा असेल तर इथे चालून जाईल. पण स्वतःच्या नावावर किंवा भाडेकराराने घेतलेली जागा, तीत व्याख्यानाची सोय, गाड्या उभ्या करायला जागा हेही लागतं. मैदानाखेरीजचं हे भाडं तुमच्या हिशेबात नाही. पक्क्या परवान्याच्या लोकांसाठीच्या कार्यशाळांबद्दलही आरटीओत एकदा लेखी विचारून ठेवा.

राहता राहिले तुमचे ८ लाख. एफडीतले ६ लाख मी धंद्याला लावू देणार नाही. पगार थांबला तर घराची तूट वर्षाला ५ लाख १० हजार आहे, ती एफडी तिच्यासाठीच बांधलेली आहे असं धरा. पीएफला हात लावू नका. ग्रॅच्युइटी, मूळ पगार ३४,००० असल्याने, सोळा वर्षांची किमान ३ लाख १४ हजार होईल. पुढे भांडवल लागलं तर तेच भांडवल. आणि त्या ८ लाखांच्या खर्चाच्या यादीत जी २ लाख ४० हजारांची मोटारसायकल 'अ‍ॅडव्हान्स्ड कोर्ससाठी' म्हणून आहे, ती कोणासाठी आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे.

गाडीच्या नेहमीच्या विम्यापलीकडे तुमचं लक्षच गेलेलं दिसत नाही. तुम्ही आजवर फक्त कंपनीच्या आरोग्य विम्यावर आहात. नोकरीत असतानाच कुटुंबासाठी स्वतंत्र पॉलिसी घ्या, म्हणजे आधीच्या आजारांचा क्लेम न मिळण्याचा प्रतीक्षाकाळ (जास्तीत जास्त तीन वर्षं) नोकरीतच सरायला लागेल. टर्म विमा आणि अपघात विमा घेताना दुचाकी शिकवतो असं स्पष्ट लिहा. ते लपवलेलं असलं तर क्लेमच्या वेळी तेच काढतात. गाडी शिकवण्यासाठी वापरायची तर विमा कंपनीला सांगून जादा प्रीमियम भरावा लागतो. गाडीच्या पॉलिसीबरोबर येणारं १५ लाखांचं अपघात संरक्षण मालक-चालकाचं असतं, तुमच्या गाडीवर शिकताना पडलेल्या मुलीला त्यातून काही मिळत नाही. विद्यार्थ्यांसाठी वेगळं संरक्षण घेतल्याशिवाय एकालाही गाडीवर बसवू नका.

नोकरी कधी सोडायची? एक वही ठेवा. तिच्यात झालेली कामं तर लिहाच, पण रजा नाही म्हणून नाकारलेली कामंही लिहा, तारीख आणि ठरलेल्या फीसकट. नुसतं 'बघू, कळवतो' म्हणणारे त्यात धरायचे नाहीत. बारा महिन्यांनंतर झालेली आणि नाकारलेली मिळून खर्च जाता महिन्याची सरासरी ५०,००० च्या वर गेली आणि किमान तीन ठिकाणांनी दुसऱ्यांदा बोलावलं असेल, तर राजीनामा द्या. सरासरी वीस-पंचवीस हजारांत अडकली तर गुरुवारचं काम गुरुवारीच चालू ठेवा आणि ते पैसे घरकर्जाच्या मुद्दलात भरत जा.