प्रेमातल्या भानगडींसाठी मराठीत कोणते गमतीदार शब्द आहेत?

भरपूर आहेत, आणि सगळ्यात कामाचा म्हणजे 'पोपट'. दोन महिने 'फिल्डिंग' लावून, धीर करून विचारलं आणि ती म्हणाली, "अरे दादा, तू पण ना!" की झाला पोपट. त्यानंतर येतं 'सेंटी मारणं'. माझा रूममेट महिनाभर फोन हातात धरून तिचं 'लास्ट सीन' बघत बसायचा. समोर कटिंग गार, त्यावर साय. आम्ही म्हणायचो, "सेंटी नको मारूस, चहा पी आधी."

माझा आवडता मात्र 'कात्रजचा घाट दाखवणं'. १६६३ साली लाल महालावर छापा घातल्यावर महाराजांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मुघलांना कात्रजकडे पळवलं, अशी कथा सांगतात. आता तीन वर्षं फिरवून भलत्याशीच साखरपुडा उरकला, तरी पुणेकर हेच म्हणतात. भाव खाणारे, नाकावर राग असणारे तर घरोघरी सापडतील.

लग्नानंतर बायकोचं ऐकणारा 'ताटाखालचं मांजर' किंवा 'बायकोचा बैल'. नवऱ्याच्या मुठीतल्या बाईला मात्र असा शब्द नाही, तिला नुसतं 'सोशिक' म्हणतात!