शाळेच्या सहलीत शेत, जंगल आणि जुनी पाणचक्की एकाच दिवसात दाखवावी का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. तिसरी-चौथीची चाळीस मुलं, हातात एकच दिवस, सकाळी शेत आणि गोठा, दुपारी जंगलातली पायवाट, परत येताना जुनी पाणचक्की आणि लोहाराची भट्टी असलेलं ग्रामीण संग्रहालय, आणि मुलांनी नुसतं हुंदडून न येता काहीतरी शिकून यावं असं तुम्हाला वाटतंय. मी प्राथमिकच्या मुलांना शिकवते आणि बरीच वर्षं अशा सहली नेतेय, म्हणून सरळच सांगते, तीनपैकी दोन ठिकाणं काढून टाका.

माझ्या पहिल्या सहलीत मी पण असंच सगळं कोंबलं होतं. दर वीस मिनिटांनी शिट्टी, चला चला पुढे, गाय झाली, कोंबड्या झाल्या, आता रोपवाटिका. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं काय आवडलं, तर निम्म्या मुलांनी बसमधली मागची सीट सांगितली आणि एक मुलगी म्हणाली, बाई, ती गाय समोर काहीच नसताना सारखं काय चावत होती ते विचारायचं राहिलं. तिला प्रश्न पडला होता, विचारायला वेळ मी दिला नव्हता. ते मला आजही टोचतं.

पुढच्या वर्षी फक्त गोठाच ठेवला. गाई चरून येऊन बसल्या होत्या, मुलांना कुंपणाबाहेर जमिनीवर बसवलं आणि एवढंच सांगितलं की अर्धा तास एकाच गाईकडे बघायचं. पहिली पाच-सात मिनिटं चुळबुळ झाली, मग एकजण ओरडलाच, बाई तिच्या मानेतून काहीतरी वर आलं! खरंच दिसतं ते, गाय घास गिळते, जरा थांबते आणि मग मानेच्या खालून एक गोळा सरकत तोंडाकडे येतो. मग मुलं आपणहून मोजायला लागली, एका घासाला किती वेळा चावते, कुणाचे ४७ आले कुणाचे ५२, त्यावरून भांडणं, परत मोजणं (साधारण ४० ते ६० वेळा चावते, त्यामुळे सगळेच बरोबर होते). एकीने बघितलं की जबडा वरखाली नाही, आडवा फिरतो. मग गोठ्यातल्या दादांनी गाईचा ओठ वर करून दाखवला, वरच्या बाजूला पुढचे दातच नाहीत, नुसती कडक हिरडी. लगेच प्रश्न आला, मग गवत तोडते कशी? जिभेने विळखा घालून, खालच्या दातांवर दाबून ओढते. त्यानंतर मी पोटाचे चार कप्पे, पहिल्या मोठ्या कप्प्यात गवत कुजवणारे सूक्ष्मजीव आणि दिवसातले सहा ते आठ तास चालणारं रवंथ हे सगळं सांगितलं तर मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती, कारण आता ते त्यांच्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर होतं. हेच मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवायचे तेव्हा मागच्या बाकांवर जांभया चालायच्या.

दुसरी गोष्ट तयारीची, आणि यात बहुतेक शिक्षक चुकतात. आपण आधी धडा वाचून घेतो, तो घ्याच, पण मुलांच्या डोक्यात वेगळंच चालू असतं, शू लागली तर कुठे जायचं, डबा कधी खायचा, कुत्रा चावेल का. मुलं सहलीत कशी शिकतात याचा अभ्यास करणारे जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच दाखवून दिलं होतं की जागा अगदी अनोळखी असेल तर मुलांचं लक्ष त्या जागेशी जुळवून घेण्यातच जातं आणि ठरवलेलं शिकणं मागे पडतं. पुढे १९९४ मध्ये ओरियन आणि हॉफस्टाइन या संशोधकांनीही निसर्गातल्या सहलींबद्दल हेच मांडलं, विषय नवा, जागा नवी आणि दिवसभर काय होणार तेही माहीत नाही, हे तिन्ही नवेपण आधी कमी करा. म्हणून मी स्वतः आधी जाऊन येते, फाटक, गोठा, संडास, हात धुवायचा नळ, डबा खायची जागा या सगळ्याचे फोटो काढून वर्गात दाखवते. शेणाचा वास येईल हेही सांगून ठेवते, मग नाकं मुरडणं लवकर संपतं. आणि पोचल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच शिकवायचं नाही, फिरू द्या.

मुलांना खरं काम मिळालं तर फारच छान. इंग्लंडमध्ये फार्म्स फॉर सिटी चिल्ड्रन नावाची संस्था १९७६ पासून हेच करते, शहरातली मुलं आठवडाभर शेतावर राहतात आणि जनावरांना वैरण घालण्यापासून गोठा साफ करण्यापर्यंत कामं करतात. आपल्याकडे एकच दिवस असला तरी वैरण टाकणं, पाणी भरणं, अंडी गोळा करणं जमतं. अंडं हातात गरम लागतं तेव्हा कोंबडीच्या पोटात ते तयार व्हायला २४ तासांहून जास्त लागतात हे सांगा, मूल ते अंडं दोन्ही हातात धरून चालतं, मी बघितलंय.

जुन्या वस्तूंचंही तसंच आहे. काचेमागचं जातं कुणी बघत नाही. स्वीडनमधल्या स्टॉकहोमचं स्कॅन्सेन हे उघड्यावरचं संग्रहालय १८९१ साली सुरू झालं तेव्हापासून देशभरातली जुनी घरं तिथे आणून उभी केलीत आणि त्यात कामं करणारी माणसं दिसतात, कारण वस्तू चालताना बघितली तरच कळते. संग्रहालयात आधी विचारा, मुलांना जातं फिरवू देणार का? खुंटा धरून दहा मिनिटं फिरवलं की हात भरून येतात आणि पीठ पडतं मूठभर, त्यानंतर पाणचक्की दाखवली की पाण्याने कुणाचे कष्ट वाचवले ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता काळजीचं. हात साबण आणि वाहत्या पाण्यानेच धुवायचे, जनावरांपासून निघताना आणि डब्याच्या आधी. सॅनिटायझर त्याची जागा घेऊ शकत नाही. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये मुलांसाठीच्या एका शेतावरून ई. कोलाय ओ१५७ या जंतूची लागण होऊन ९३ जण आजारी पडले होते, त्यात बरीच लहान मुलं होती, म्हणून मी नळाजवळ स्वतः उभी राहते, हे काम कुणावर सोपवत नाही. जनावरांचे पापे घेणं, बोटं तोंडात घालणं बंद. दम्याचा पंप, मधमाशीची अ‍ॅलर्जी याची यादी खिशात ठेवा. सोबत कुणी गरोदर बाई असतील तर त्यांना व्यायला आलेल्या किंवा नुकत्याच व्यायलेल्या मेंढ्यांजवळ अजिबात पाठवू नका, गर्भाला धोका असतो.

परत आल्यावर निबंध मात्र लिहून घेऊ नका. मी प्रत्येकाकडून एकच प्रश्न लिहून घेते, तिथे पडलेला आणि उत्तर न मिळालेला, आणि पुढचे दोन आठवडे रोज त्यातले दोन-तीन घेते.

तुमच्या जागी मी शेत ठेवलं असतं आणि पाणचक्की पुढच्या टर्मला. शेतमालकांशी फोनवर बोलाल तेव्हा धार कधी काढता एवढंच नका विचारू, गाई चरून येऊन बसतात किती वाजता तेही विचारा आणि बस त्या हिशोबाने सोडा.