आईच्या नैराश्याचा बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो का?

चार महिन्यांची बाळंतीण गप्प असते, बाळाकडे बघत नाही, त्याच्या मेंदूची वाढ खुंटेल का, असं तुम्ही विचारलंय. परिणाम होऊ शकतो. पण 'घरचे म्हणतात तिने मन घट्ट करावं' हे तुमचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले.

मुलगी वैशाखात झाली. मृगाच्या पावसात माहेराहून डिचोलीला सासरी आले, आणि तिचं रडणं मला लांबून ऐकू यायला लागलं. पाजायचे, पुसायचे, खाली ठेवायचे. तोंडून शब्द फुटत नसे. सासूबाईंनी दृष्ट काढली, देवळात गाऱ्हाणं घातलं. नवरा म्हणाला, पाऊस उणावला की बरं वाटेल. चवथ आली. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधताना नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, पोर तुझ्याकडे बघतसुद्धा नाही." खरंच बघत नसे. मान वळवायची.

वळवायची ती सासऱ्यांकडे. ते रोज तिला घेऊन सोप्यावर बसत. माडावरचा कावळा, वळणावर आलेली कदंबा बस, सगळं तिला सांगत. ती 'आऽ' म्हणाली की तेही 'आऽ' म्हणत आणि पुढच्या हुंकारासाठी थांबत. मेंदूला पहिल्या वर्षात हेच लागतं, हे मला फार नंतर कळलं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७०च्या दशकातल्या प्रयोगात आई काही मिनिटं निर्विकार बसली, तर बाळं आधी तिला हसवू बघत, मग तोंड फिरवत. असं महिनोन्‌महिने चाललं की भाषा मागे पडू शकते, ताण सोसणं जड जातं.

आपल्या गोव्यातच मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. ६ ते ८ आठवड्यांत २३ टक्के आयांमध्ये नैराश्य दिसलं. पुढच्या वर्षीच्या निबंधात अशा आयांच्या बाळांची सहाव्या महिन्यातली वाढ आणि बौद्धिक विकास मागे दिसला. नैराश्याची कारणं काय सापडली? गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, मुलगी होणं. घट्ट मन कुठे आलं यात? आमच्याकडेही बारशाला 'पुढच्या खेपेला मुलगा' म्हणणारे होतेच. नणंद आजही म्हणते, पोर उशिरा बोललं ते वहिनीमुळे. त्या घरात सात माणसं होती.

मला शेवटी मावशीने डॉक्टरकडे नेलं. गोळ्या आणि बोलणं, दोन्ही चाललं. नाताळच्या सुमारास मुलगी मला बघून हसली.

उशिरा बोलण्याला इतर कारणंही असतात, बाळाचे कान तपासून घ्या. अंगावर पाजताना चालतील अशी औषधं आहेत, फक्त डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा, फोन फुकट आहे, तो तुम्ही लावा, तिच्यावर सोडू नका.

आणि कामावर जायच्या आधी अर्धा तास बाळाला तुम्ही घ्या, त्याच्याशी बोला. आमच्या घरी ते सासऱ्यांनी केलं. नवरा पाऊस थांबायची वाट बघत होता.