उन्हाळ्यात जुने नागपूर पायी कसे पाहावे?

प्रश्न : मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझा भाऊ आणि वहिनी दोन्ही मुलांना घेऊन पुण्याहून येत आहेत. मुले बारा आणि पंधरा वर्षांची आहेत. त्यांना एका दिवसात जुने नागपूर पायी दाखवावे अशी इच्छा आहे, आणि आमची अडुसष्ट वर्षांची आईही सोबत येण्याचा आग्रह धरते आहे. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांच्या, उन्हात हे जमेल का? सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : जमेल, मात्र दिवसाचे दोन तुकडे करावे लागतील. पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर, एवढीच वेळ चालण्याची आहे. मधल्या वेळात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा सर्वांनी घरी परतावे, पन्हे प्यावे आणि कूलरसमोर झोपावे.

सुरुवात शुक्रवारी तलावापासून, म्हणजे आजच्या गांधीसागरापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक जण थेट वाड्यांकडे जातात आणि मग हे शहर येथेच का वाढले, हे मुलांना उमगत नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी नाग नदीच्या परिसरातील लहान लहान खेडी जोडून नागपूर वसवले. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने राजधानी येथे आणली, शहराला तट घातला आणि शहराच्या पाण्यासाठी हा जुम्मा तलाव केला. तटाच्या आत राहायचे तर उन्हाळ्यात पुरेल एवढे पाणी जवळ हवे, हे मे महिन्यात काठावर उभे राहिल्यावर वेगळे समजावावे लागत नाही.

तेथून जुम्मा दरवाजाकडे यावे. आपण त्याला गांधी गेट म्हणतो आणि तेथून रोज गाडी दामटतो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रज आणि तेव्हाचे नागपूरचे राज्यकर्ते भोसले यांच्यात लढाई झाली, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्यानंतरही तटाच्या आत भोसल्यांच्या पदरचे अरब शिपाई ठाण मांडून होते, त्यांनी २४ डिसेंबरला याच जुम्मा दरवाजावर आलेला इंग्रज फौजेचा हल्ला परतवून लावला आणि महिनाअखेरीस अटी ठरवून मगच शहर सोडले, हे सहसा कोणी सांगत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला हे दरवाजापाशीच सांगावे. आईंना तलावाचा टप्पा वगळून रिक्षाने येथे आणता येईल.

पुढे महाल या जुन्या वस्तीत शिरल्यावर भोसल्यांचा मूळ राजवाडा शोधू नये. काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकूडकामाचा तो राजवाडा १८६४ साली आगीत गेला. सीनियर भोसला वाडा, रुक्मिणी मंदिर, कल्याणेश्वर मंदिर आणि चिटणवीस वाडा मात्र पाहावेत. मंदिरांच्या दगडावरील कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात फार सुरेख उठून दिसते. वाड्यांजवळ गती कमी करावी. जाड भिंती, मधला उघडा चौक, त्याभोवती सागवानी खांबांच्या ओसऱ्या आणि बाहेर एकमेकींवर सावली धरणाऱ्या अरुंद गल्ल्या, ही सगळी मांडणी या भागातील ऊन ओळखून केलेली आहे. बोळातून रुंद रस्त्यावर आले की फरक अंगालाच कळतो. मुलांना भिंतीवर हात ठेवून पाहू द्यावा. बऱ्याच वाड्यांत आजही कुटुंबे राहतात, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच विचारावे आणि नकार मिळाला तर छायाचित्रही न काढता पुढे जावे.

प्रत्येकाच्या डोक्याला आणि कानांना सुती दुपट्टा बांधलेला असावा, पाण्याबरोबर मीठ-साखरेचे सरबत ठेवावे आणि न्याहारीतल्या पोह्यांवर तर्री बेताने घ्यावी. कोणाला चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी जाणवली तर त्याच क्षणी चालणे थांबवावे. विशेषतः आई त्रास सांगणार नाहीत, तो आपणच ओळखायला हवा.

संध्याकाळी इतवारीचा सराफा पाहून जागनाथ बुधवारीकडे वळावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पिवळ्या पुतळ्याची मिरवणूक, याच भागातून निघते. मुलांनी ती पाहण्याचा हट्ट धरला, तर पोळ्याला पुन्हा बोलवावे. मात्र त्या दिवशी आईंसाठी एखाद्या ओळखीच्या घराची गच्ची आधीच ठरवून ठेवावी.