लहान मुलांना अहिंसा कशी शिकवायची?
पाच-सहा वर्षांच्या मुलाला लेक्चर देऊन काही होत नाही हो, पोरं आपण काय करतो तेच बघतात. आपणच चिडून धपाटा घालायचा आणि वर म्हणायचं ताईला मारू नकोस, हे त्याला पटणार कसं? ज्ञानेश्वरीच्या १३व्या अध्यायात माऊलींनी अहिंसा सांगताना चालणंसुद्धा सांगितलंय, भुंगा कमळावर पाय ठेवतो ना, केसर चुरगळेल म्हणून जपून, अगदी तसं. मुलीला हे सांगितलं तेव्हा ओट्याखाली मुंग्यांची रांग होती, तर ती टाचा उचलून हळूच पलीकडे गेली, आता रोज तशीच जाते. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पाच यमांत, म्हणजे स्वतःवर घालायच्या संयमांत, अहिंसा पहिली, आणि त्यात बोलणंही आलं, म्हणून 'गधड्या', 'मूर्खा' वगैरे आधी आपण बंद करायचं.